करडईचं तेल आणि दाण्यात धरलेलं दार



गेल्या सुगीनंतर करडई घेऊन घाण्यावर गेलो होतो. घाणेवाल्यानं पोत्यात हात घातला आणि विचारलं, "दादा, ही साधी का ओलिकवाली?" मी म्हणलं, करडई म्हणजे करडई, त्यात ओलिकवाली कुठली? तो म्हणाला, "आता शहरातलं गिऱ्हाईक बाटलीवर वाचून घेतं. ओलिक जास्त असलं की तेल टिकतं, लवकर खवट होत नाही."

आजोबांपासून ज्वारीच्या कडेनं करडईच्या ओळी आहेत आमच्यात. काट्यामुळं गुरं आत शिरत नाहीत, कोवळ्या पाल्याची भाजी होते, बोंडं वाळली की पहाटेच्या दवात हाताला फडकी गुंडाळून कापायची. एवढं माहीत होतं. पण दाण्याच्या आत काय चाललंय ते कधी बघितलं नव्हतं. उन्हाळाभर वाचत बसलो, कृषी विद्यापीठातल्या एका ओळखीच्या सरांना प्रश्न विचारून हैराण केलं. त्यातून जो इतिहास हाती लागला तो इथं लिहून ठेवतो. थोडा लांब आहे. निवांत वाचा.

आधी तेल समजून घेऊ.

साध्या करडईच्या तेलात साधारण ७५ टक्के लिनोलिक आम्ल असतं आणि १५ टक्क्यांच्या आसपास ओलिक. दोन्ही १८ कार्बनच्या लांब साखळ्या. फरक इतकाच, की ओलिकच्या साखळीत एक दुहेरी बंध असतो आणि लिनोलिकमध्ये दोन. हवेतला ऑक्सिजन या बंधांपाशीच हल्ला करतो. म्हणून लिनोलिक जास्त असलेलं तेल कितीतरी पटीनं लवकर खराब होतं. पातळ थर देऊन ठेवला तर ते सुकून चिकट पापुद्रा होतो. अमेरिकेत १९५० च्या दशकात करडई वाढली ती मुख्यतः याच गुणामुळं, रंग आणि व्हार्निश करायला. म्हणजे लिनोलिक वाईट असं कुणी समजू नका. आपल्या शरीराला ते थोडं लागतंच, आणि ते बाहेरूनच घ्यावं लागतं. पण तळणाला आणि साठवणाला ओलिक बरं.

आता दाण्यात हे बनतं कसं? आपण शेतात दारं धरतो ना, तसंच समजा. मुख्य पाटातून पाणी येतंय. वाटेत एक फाटा आहे, तिथून थोडं पाणी पामिटिक आम्लाकडं वळतं. हे काम एफएटीबी नावाचं एन्झाइम करतं. उरलेलं पुढं जाऊन ओलिक होतं. ओलिकच्या वाफ्यातून पुढं आणखी एक दार आहे, एफएडी-२. ते उघडं असलं की ओलिकचं लिनोलिक होतं. साध्या करडईत हे शेवटचं दार सताड उघडं असतं, म्हणून सगळं पाणी शेवटच्या वाफ्यात.

हे दार बंद झालं तर? तर ओलिकचा वाफा भरेल. ही गोष्ट माणसाला प्रयोगशाळेत सुचायच्या कितीतरी आधी एका करडईच्या झाडात आपोआप घडली होती. आणि ते झाड आपल्याकडचं होतं.

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या केंद्रात पॉल्डेन नोल्स नावाचे करडईचे मोठे अभ्यासक होते. देशोदेशीचं करडईचं बियाणं त्यांनी गोळा केलं. १९६३ साली त्यांनी एका सहकाऱ्याबरोबर एक निबंध प्रसिद्ध केला. विषय होता भारतातून आलेल्या करडईच्या निवडींमधलं कमी आयोडीन मूल्य. आयोडीन मूल्य म्हणजे तेलात दुहेरी बंध किती ते मोजायची जुनी रीत. मूल्य कमी म्हणजे बंध कमी, म्हणजे ओलिक जास्त. या गुणामागं एकच मुख्य जनुक आहे आणि ते अप्रभावी आहे, म्हणजे आई आणि बाप दोघांकडून आलं तरच गुण पूर्ण दिसतो. त्याला 'ओएल' असं नाव पडलं. याच गुणावरून १९६६ मध्ये यूसी-१ नावाचा वाण निघाला. ओलिक जास्त असलेला करडईचा हा पहिला वाण. साध्या करडईचं प्रमाण जणू उलटं झालं, ओलिक ७५ टक्क्यांच्या वर आणि लिनोलिक तळाला.

वाचून मी जरा वेळ गप्प बसलो. आपल्याच कुणाच्या तरी कणगीतलं ते बी. त्या माणसाला तेलातला फरक दिसायचं कारणच नव्हतं. बोंड तसंच, काटा तसाच, दाणा पांढराच. आणि अशा नोंदीत देशाचं नाव येतं, शेतकऱ्याचं येत नाही.

आता गोष्ट दुसऱ्या टोकाला नेतो. करडई बाजूला ठेवा, फुलाकडं या.

१९९० च्या सुमारास अमेरिकेत रिचर्ड जॉर्गेनसन आणि कॅरोलिन नापोली हे पिटुनियाच्या फुलावर काम करत होते. फूल जांभळं होतं ते चाल्कोन सिंथेज नावाच्या एन्झाइममुळं. त्यांनी विचार केला, या जनुकाची आणखी एक प्रत झाडात घातली तर रंग आणखी गडद होईल. साधं गणित, खत दुप्पट तर पीक जास्त. झालं उलटंच. कित्येक झाडांना पांढरी फुलं आली, काहींना जांभळ्या-पांढऱ्या नक्षीची. बाहेरून घातलेलं जनुक तर गप्प बसलंच, झाडाचं स्वतःचंही गप्प बसलं. त्याच वर्षी नेदरलँडमधल्या शास्त्रज्ञांनाही पिटुनियात असंच दिसलं. याला नाव दिलं 'सहदमन'. पण का घडलं, हे काही उलगडेना.

खरं तर याची एक खूण फार आधी एका तंबाखूच्या झाडानं दिली होती. १९२८ साली अमेरिकेतल्या व्हर्जिनियात विंगार्ड नावाच्या शास्त्रज्ञानं नोंद केली की वलयाच्या डागांचा विषाणू लागलेल्या तंबाखूची खालची पानं खराब होतात, पण वरून येणारी नवी पानं निरोगी निघतात, आणि त्यांना तो रोग पुन्हा लागत नाही. झाडाला रक्त नाही, पांढऱ्या पेशी नाहीत, मग प्रतिकार कसला? सत्तर वर्षं हा प्रश्न तसाच पडून होता.

१९९८ च्या फेब्रुवारीत अँड्र्यू फायर आणि क्रेग मेलो यांनी उत्तराचा मोठा तुकडा शोधला, तोही सूत्रकृमीत. आपल्या डाळिंबाच्या, टोमॅटोच्या मुळांवर गाठी आणणाऱ्या सूत्रकृमीचा हा निरुपद्रवी भाऊबंद. त्यांना दिसलं की एकेरी आरएनएपेक्षा दुहेरी आरएनए टोचला की त्याच्याशी जुळणारं जनुक फार जोरात गप्प बसतं. २००६ मध्ये त्यांना याबद्दल नोबेल मिळालं. १९९८ च्याच नोव्हेंबरात ऑस्ट्रेलियाच्या सीएसआयआरओ या सरकारी संस्थेतल्या पीटर वॉटरहाऊस, मिंग-बो वांग आणि त्यांच्या सहकाऱ्यानं वनस्पतीत हीच गोष्ट दाखवली. सुलट आणि उलट अशा दोन्ही आरएनए झाडात एकत्र बनवल्या की दमन पक्कं होतं. १९९९ मध्ये इंग्लंडमध्ये हॅमिल्टन आणि बॉलकोम यांना झाडात ते बारीक आरएनएचे तुकडे सापडले, साधारण २५ अक्षरांचे.

हे सगळं सरांनी मला सातबाऱ्यावरून समजावलं, तसंच तुम्हाला सांगतो. जनुक म्हणजे तलाठ्याच्या दप्तरातली मूळ नोंद. पेशीत काम करायचं असलं की त्या नोंदीची नक्कल बाहेर येते, आणि नक्कल बघून एन्झाइम बनतं. दुहेरी आरएनए दिसली की पेशीला वाटतं विषाणू आला, कारण कितीतरी विषाणू वाढताना अशीच दुहेरी आरएनए बनते. मग डायसर नावाचं एन्झाइम तिचे बारीक तुकडे करतं. ते तुकडे दुसऱ्या एका यंत्रणेच्या हातात जातात. ती यंत्रणा तुकड्याशी जुळणारी प्रत्येक नक्कल शोधते आणि फाडते. मूळ सातबारा दप्तरात तसाच आहे, त्याला कुणी हात लावलेला नाही. फक्त बाहेर येणारी नक्कल टिकत नाही, म्हणून काम होत नाही. विंगार्डची तंबाखू नव्या पानांत हेच करत होती. पिटुनियाची फुलं पांढरी झाली तीही यामुळंच.

उलट १९६३ च्या त्या भारतीय करडईत जे होतं तो खरोखरचा फेरफार होता, मूळ नोंदीतच झालेला. एफएडी-२ च्या दाण्यात चालणाऱ्या एका जनुकातलं एक अक्षर गळलेलं. गंमत म्हणजे या चुकीच्या नोंदीची जी नक्कल बाहेर येते ती झाड स्वतःच सदोष म्हणून नष्ट करतं. हेही सीएसआयआरओच्याच लोकांनी २०१३ मध्ये दाखवलं. वाट वेगळी, पण दार एकच बंद.

आता या दोन वाटा एकत्र कशा आल्या ते.

सीएसआयआरओचा तेलबियांचा गट आधी सरकीवर काम करत होता. २००२ मध्ये त्यांनी सरकीच्या तेलात दमनाचा वापर करून ओलिक सुमारे १५ टक्क्यांवरून ७७ टक्क्यांपर्यंत नेलं. दुसरं दार धरून स्टिअरिक आम्ल २-३ टक्क्यांवरून ४० टक्क्यांपर्यंत नेलं. बाहेरून नवं काही आणलं नाही, जे झाडात बनतच होतं त्याचाच वाफा भरला. मग त्यांनी करडई घेतली. करडईत एफएडी-२ चं एक जनुक नाही, चांगलं अकरा जणांचं कुटुंब निघालं. त्यातलं एक भारतीय फेरफारानं आधीच बंद पडलेलं. म्हणून त्यांनी मुळात ओलिक जास्त असलेलाच वाण घेतला आणि उरलेली गळती थांबवायला दाण्यातलं दुसरं एफएडी-२ आणि पामिटिककडं नेणारं एफएटीबी, दोन्हींचं दमन केलं. तेलात ओलिक ९० टक्क्यांच्या वर गेलं. २०१८ मध्ये याचा निबंध आला आणि त्याच वर्षी ऑस्ट्रेलियाच्या जनुक नियामकानं व्यापारी लागवडीला परवानगी दिली. त्या तेलाचा मोठा उपयोग कारखान्यात आहे, वंगण आणि खनिज तेलाला पर्याय म्हणून.

जरा हिशोब करा. १५ वरून ७५ पर्यंतची मजल एका शेतातल्या झाडानं मारली. ७५ वरून ९० च्या पुढची मजल प्रयोगशाळेनं मारली. शेवटचा टप्पा अवघड होता, त्याला हुशारी लागली, यात शंका नाही. पण पहिला टप्पा नसता तर दुसऱ्याचं काम किती वाढलं असतं?

इथं दारं धरणाऱ्या माणसाला पटेल अशी एक गोष्ट सांगितली पाहिजे. दार बंद करणं सोपं, कुठलं आणि कुठं बंद करायचं ते अवघड.

टोमॅटोचं बघा. डीईटी-१ नावाचं जनुक बिघडलेली टोमॅटोची झाडं निसर्गात सापडतात. फळ गर्द लाल, पण झाड खुरटं आणि नाजूक. म्हणून २००५ मध्ये शास्त्रज्ञांनी ते जनुक फक्त फळात गप्प केलं. फळात कॅरोटिनॉइड आणि फ्लेव्होनॉइड दोन्ही वाढले, झाड मात्र नेहमीसारखं राहिलं.

कापसाचं तर आपल्या जवळचं. सरकीत गॉसिपॉल असतं, म्हणून सरकी माणसाला आणि कोंबड्यांना चालत नाही, रवंथ करणारी जनावरंच ती बऱ्यापैकी पचवतात. १९५० च्या दशकात अमेरिकेत गॉसिपॉलच्या ग्रंथीच नसलेला कापूस तयार झाला. सगळे खूश. पण शेतात लावल्यावर किडींनी फडशा पाडला, कारण पानातलं गॉसिपॉल हेच त्या झाडाचं औषध होतं. मूळचे भारतीय असलेले कीर्ती राठोड यांनी टेक्सासमध्ये २००६ साली दमन वापरून गॉसिपॉल फक्त सरकीत कमी केलं आणि पानात राहू दिलं. अमेरिकेच्या कृषी खात्यानं २०१८ मध्ये आणि अन्न नियामकानं २०१९ मध्ये त्याला मान्यता दिली.

आणि जिथं अंदाज चुकला ते अफूचं. ऑस्ट्रेलियात औषधासाठी कायदेशीर अफू होते. २००४ मध्ये तिथं मॉर्फिनच्या वाटेवरचं शेवटाजवळचं एक एन्झाइम दमनानं बंद केलं. वाटलं, त्याच्या लगेच मागचा पदार्थ साचेल. साचला तो कितीतरी पायऱ्या मागचा, रेटिक्युलिन. शेवटच्या वाफ्याचं दार लावलं आणि पाणी तुंबलं पार विहिरीजवळ. झाडातले पाट कागदावर काढतो तितके सरळ नसतात. म्हणून 'एक जनुक बंद केलं की हमखास फायदा' असं कुणी सांगितलं तर दोन प्रश्न जास्त विचारा.

आता आपल्या बांधावर येऊ.

पहिलं. दमन केलेली करडई आपल्या देशात जनुकीय बदल केलेल्या पिकातच मोडते. १९८६ च्या पर्यावरण कायद्याखालचे १९८९ चे नियम तिला लागू आहेत. बीटी कापसाला २००२ मध्ये मान्यता मिळाली, बीटी वांगं २०१० मध्ये थांबवलं गेलं, मोहरीचं प्रकरण २०२२ च्या परवानगीनंतर सर्वोच्च न्यायालयात गेलं. २०२२ मध्ये जनुक संपादनाच्या काही प्रकारांना या नियमांतून सूट मिळाली, पण ती मूळ नोंदीत बारीक फेरफार करणाऱ्या पद्धतींना आहे. तेव्हा ९० टक्के ओलिकवाली ऑस्ट्रेलियन करडई म्हणून कुणी पिशवी विकायला आला तर घेऊ नका.

दुसरं. ओलिक जास्त असलेली साधी, म्हणजे निवडीनं आणि संकरानं काढलेली करडई आपल्याकडं आहे. हैदराबादच्या तेलबिया संशोधन संस्थेनं आयएसएफ-१ सारखे वाण दिलेत. तिला कसलीच अडचण नाही. पण शेतात एक पथ्य पाळावं लागतं. वर सांगितलं तसं हा गुण अप्रभावी आहे. करडईवर मधमाश्या भरपूर येतात. शेजारच्या साध्या करडईचे पराग आपल्या बोंडात पडले तर त्या दाण्यात उघड्या दाराची एक नोंद येते आणि ओलिक घसरतं. तेल दाण्याच्या गर्भातच असतं, म्हणून फरक पुढच्या वर्षी नाही, त्याच पोत्यात दिसतो. म्हणून एकट्यानं अर्धा एकर लावण्यापेक्षा शेजारच्या चौघांनी मिळून एकच वाण एका शिवारात लावावा. मळणीयंत्र आणि पोती साफ करून घ्यावीत. आणि पेरायच्या आधीच घेणाऱ्याला विचारावं, ओलिक तपासून जास्तीचा भाव देणार का, किती टक्क्यांना किती. शक्यतो लिहून घ्यावं. भाव साधाच मिळणार असेल तर हा उपद्व्याप कशाला?

दमनाचं याच्या उलट आहे, हेही कृषी शाखेच्या मुलांनी लक्षात ठेवावं. दमनाचा गुण प्रभावी असतो, एका बाजूनं आला तरी चालतो. शेती करायला ते सोयीचं. पण त्याचे पराग दुसऱ्याच्या शेतात गेले तर तिथंही तो गुण बोलणार. सोय आणि काळजी दोन्ही एकाच गोष्टीत आहेत. उद्या आपल्याकडं असं काही आलंच तर चर्चा यावर झाली पाहिजे, नुसतं 'विज्ञान की निसर्ग' यावर नाही.

तिसरं, आणि माझ्यासाठी हेच मोठं. महाराष्ट्रात करडईचं क्षेत्र झपाट्यानं घटलंय. सोयाबीन निघाली की हरभरा, करडईला जागाच नाही. काटे, मावा, कापणीला माणूस मिळत नाही. कारणं खरी आहेत, मीही दोन वर्षं लावली नव्हती. पण जी करडई जाते तिच्याबरोबर गावठी बियाणंही जातं. दाण्यातलं एक अक्षर गळालेलं ते झाड कुणाच्या तरी शेतात शांतपणे उभं होतं, आणि कुणीतरी ते बी ठेवलं म्हणून ते मोजता आलं. दमनानं फक्त आहे ती दारं बंद करता येतात. नवी दारं कुठं आहेत ते बघायला वेगवेगळं बियाणं लागतंच.

२००१ च्या वाण संरक्षण कायद्यानं शेतकऱ्याला आपलं बियाणं ठेवायचा, पेरायचा, देण्याघेण्याचा हक्क दिलाय, आणि आपला जुना वाण आपल्या नावानं नोंदवायचाही. या वेळी तरी नोंदीत माणसाचं नाव येईल.

घाण्यावरून परत आल्यावर मी आईला विचारलं, जुनं बी आहे का कुठं. तिनं माळ्यावरून राख लावून ठेवलेलं गाडगं काढलं. दोन-अडीच किलो असेल. या रब्बीत त्याच्या चार ओळी ज्वारीच्या कडेला वेगळ्या टाकणार आहे, आणि दाणे तपासायला पाठवणार आहे. साधीच निघेल बहुतेक. निघू दे. पण तपासल्याशिवाय साधी म्हणणार नाही.

तुमच्या घरी असं गाडगं असेल तर आधी उगवण तपासा. एका ओल्या फडक्यात शंभर दाणे गुंडाळून ठेवा, किती फुटतात ते मोजा. आणि मग कळवा.